ग्लायडरवर जेट इंजिन बसवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांमधील विद्यार्थी चमू आणि त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपता संपता तुमच्यापैकी चौघे जण माझ्या घरी आले होते. सोबत गुंडाळी करून आणलेला आराखडा होता. लाकडी सांगाड्याचे, कापड ताणलेले, दोन आसनांचे एक जुने ग्लायडर आणि त्याच्या पंखांच्या मागे, धडाच्या दोन्ही अंगांना एकेक छोटे जेट इंजिन, मॉडेल विमानांना लावतात त्या जातीचे. महाविद्यालयाच्या तांत्रिक महोत्सवात हे ग्लायडर विंचशिवाय, म्हणजे केबलने ओढून वर चढवणाऱ्या यंत्राशिवाय, स्वतःच्या बळावर उडवून प्रेक्षकांसमोर दोन-चार फेऱ्या घालायच्या, असा बेत होता. मी चहा दिला, आराखड्याचे कौतुक केले, काही शंका विचारल्या आणि विचार करून कळवतो असे म्हणालो. त्यानंतर जवळजवळ याच कल्पनेविषयी आणखी दोन शहरांतून फोन आले. तेव्हा प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदाच सगळे नीट लिहावे आणि ते सर्वांना वाचता यावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

माझा अधिकार किती, तेही सांगतो. 1980च्या दशकात मी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचच्या केबलला लटकून उडायला शिकलो. पुढे नोकरीची सारी वर्षे गॅस टर्बाइनच्या देखभालीत गेली, आणि निवृत्तीनंतर छोटी मॉडेल जेट इंजिने चालवण्याचा नाद लागला. म्हणजे तुमच्या आराखड्यातल्या दोन्ही गोष्टींशी माझा हाताचा संबंध आहे. ‘हे करू नका’ असे मी लिहिणार नाही. हे आपल्याकडे व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. माझे म्हणणे एकच आहे: जेट बसवल्यानंतरही ते ग्लायडरच राहिले पाहिजे. उड्डाणाच्या कोणत्याही क्षणी इंजिन बंद पडले, तरी त्या क्षणापासून पुढचे सगळे उड्डाण इंजिनाशिवाय सुखरूप पुरे करता आले पाहिजे. तुमच्या आराखड्यात ही अट सुटली आहे. ती कुठे कुठे सुटली, हे या पत्रात दाखवतो.

मुलीकडे अमेरिकेत गेलो असताना विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशच्या विमानांच्या मेळ्यात मी न्यू मेक्सिकोच्या बॉब कार्लटन यांचे जेट ग्लायडर पाहिले. तुम्ही पाहिलेल्या चित्रफितीही बहुधा त्यांच्याच असाव्यात. चित्रफितीत गर्जना, धूर आणि गिरक्या दिसतात. मैदानावर उभे राहून पाहताना जे जाणवले ते वेगळे होते. ते पांढरे ग्लायडर शिट्टीसारख्या तीव्र आवाजात वर चढले, एवढ्याशा देहाला शोभू नये इतक्या उभ्या कोनात चढले, आणि वर गेल्यावर त्याचे जे काही चालले होते ते ग्लायडरचेच होते. उंची खर्च करून वेग घ्यायचा, वेग खर्च करून उंची परत मिळवायची, आणि प्रत्येक वळणात लांब पंखांना वाकायला सवड द्यायची. शेवटी ते शांतपणे सरकत येऊन धावपट्टीला टेकले, तेव्हा माझ्या शेजारचा एक म्हातारा शेतकरी डोक्यावरची टोपी काढून उभा होता. इंजिनाने त्या प्रयोगात काय केले, तर विंचचे आणि ओढणाऱ्या विमानाचे काम केले. बाकीचे पंखांनी केले.

कार्लटन तिथपर्यंत कसे पोहोचले, हा क्रम तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आधी त्यांनी अलीस्पोर्ट या इटालियन कंपनीचे ‘सायलेंट 2’ हे अत्यंत हलके, एका आसनाचे ग्लायडर घेतले आणि त्याला प्रत्येकी 45 पौंड, म्हणजे सुमारे 20 किलो रेटा (थ्रस्ट) देणारी दोन छोटी जेट इंजिने बसवली. त्यानंतर ते ‘साल्टो’कडे वळले. उर्सुला हेन्ले या जर्मन महिला अभियंत्याने आखलेले, 13.6 मीटर पंखविस्ताराचे, मुळातच कसरतींसाठी बांधलेले हे ग्लायडर. त्याच्या पाठीवर त्यांनी चेक प्रजासत्ताकातल्या पीबीएस कंपनीचे टीजे100 हे इंजिन बसवले. त्याचे वजन साधारण 20 किलो आणि रेटा 100 किलोच्या वर. 2011 साली सोनेक्सच्या ‘सबसोनेक्स’ या छोट्या जेट विमानाचे पहिले उड्डाण त्यांच्याच हातून झाले, त्यातही हेच इंजिन होते. याचा अर्थ ग्लायडर निवडताना, इंजिन निवडताना आणि वैमानिक कोण हे ठरवताना तिन्ही वेळा हलके, मजबूत आणि अनुभवी तेच निवडले गेले.

साल्टोचे शेपूट पुन्हा एकदा नीट पाहा. ते इंग्रजी व्ही अक्षरासारखे आहे. पाठीवरच्या इंजिनाचा तप्त झोत शेपटाच्या त्या दोन पात्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून निघून जातो. ही युक्ती नवी नाही. फ्रान्समधल्या फूगा कंपनीने सीएम-8 या आपल्या ग्लायडरच्या पाठीवर टर्बोमेका कंपनीचे ‘पिमेने’ हे छोटे जेट बसवले आणि ते 14 जुलै 1949 रोजी उडवले. त्याचेही शेपूट व्ही आकाराचेच होते. याच वाटेने पुढे फूगा मॅजिस्टर हे प्रशिक्षण विमान जन्माला आले, आणि व्ही शेपूट हीच त्याची ओळख ठरली. तुमच्या आराखड्यात इंजिने धडाच्या दोन्ही अंगांना आहेत, आणि त्यांचा झोत मागे लाकडी धडाला जवळजवळ घासून आडव्या शेपटाखालून जातो. मी बोट ठेवून विचारले होते तेव्हा ‘मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा लावू’ असे उत्तर मिळाले. जेटच्या तोंडाशी झोताचे तापमान 600 अंश सेल्सिअसच्या घरात असते. तुमच्या ग्लायडरचे कापड डोपने, म्हणजे कापड घट्ट ताणणाऱ्या लेपाने, ताणलेले आहे, आणि जुन्या डोपला पेट घ्यायला ठिणगी पुरते. पत्र्यामागचे लाकूड दिसत नाही. ते आतल्या आत सुकत, भाजत, चिराळत जाते आणि सांध्यांचा सरस सुटतो, तरी बाहेरून रंग तसाच राहतो. फायबरग्लासच्या ग्लायडरचीही यातून सुटका नाही. त्यातले रेझिन साठ-सत्तर अंशांच्या पुढे मऊ पडू लागते, आणि नुसत्या उन्हाने तापू नयेत म्हणूनच ही ग्लायडरे पांढरी रंगवतात.

आता आकडे पाहू. तुमच्या वहीत रेट्याचा हिशेब होता, पण तो इंजिनाच्या माहितीपत्रकावरून सुरू होऊन तिथेच संपत होता. तो ग्लायडरपासून सुरू करावा लागतो.

दोन माणसांसह तुमचे ग्लायडर 500 किलोचे आहे आणि एक मीटर खाली येताना ते 22 मीटर पुढे जाते, असे धरू. जुन्या लाकडी ग्लायडरला हा आकडा उदार आहे. मग सरळ, समपातळीत उडत राहण्यासाठी लागणारा रेटा 500 भागिले 22, म्हणजे जवळजवळ 23 किलो. तुमची दोन इंजिने मिळून 40 किलो देतात. चढायला उरले 17. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाताना त्या सतरा किलोंतून मिनिटाला सुमारे 150 फूट चढाई मिळेल. पण माहितीपत्रकातला रेटा समुद्रसपाटीचा आणि 15 अंश तापमानाचा असतो. पुण्याची उंची आणि मार्च महिन्यातली दुपार लक्षात घेतली, तर हवा इतकी विरळ होते की 40 किलोंचे 34 किलो झाले तरी आश्चर्य नाही. मग चढाई मिनिटाला 100 फुटांवर येते. वाटेत एखादा उतरता प्रवाह लागला, आणि डोंगराच्या आडोशाला तो लागतोच, तर ही चढाई शून्याच्याही खाली जाते.

याहून वाईट गोष्ट जमिनीवर घडते. गवताच्या मैदानावर चाकाला होणारा विरोध वजनाच्या साधारण 5 टक्के असतो. 500 किलोंना 25 किलो. 34 किलो रेट्यातले 25 किलो गवतच खाऊन टाकते, आणि उरलेल्या नऊ किलोंवर हे ग्लायडर उड्डाणाचा वेग घ्यायला किलोमीटरभर धावेल. हवेचा विरोध त्यात धरलेला नाही. तो धरला, तर बहुधा ते उडणारच नाही. मला भीती मात्र ते अर्धवट उडेल याची आहे. मैदानाच्या टोकाशी, कुंपणाच्या तारेच्या वर दहा फूट, आणि समोर मोकळी जागा संपलेली.

आणि दोनपैकी एक इंजिन बंद पडले तर? उरलेल्याचा रेटा 17 किलो, गरज 23 किलोंची. म्हणजे दोन इंजिने असूनही एकावर ते पातळी राखू शकत नाही. दोन इंजिने बसवल्याने धोका निम्मा झाला असे तुमच्यापैकी एकाने म्हटले होते. इथे तो दुप्पट झाला आहे, कारण दोहोंपैकी कोणतेही एक थांबले तरी खाली यावेच लागेल, आणि दोनांतले एक थांबण्याची शक्यता एकाच्या दुप्पट असते. एका बाबतीत तुमची मांडणी बरी आहे, तेही सांगितले पाहिजे. इंजिने धडाला खेटून असल्यामुळे एक बंद पडले तरी नाक बाजूला फार ओढले जाणार नाही, रडरला ते सहज सावरता येईल.

हाच हिशेब फायबरग्लासच्या एका आसनाच्या ग्लायडरला लावून पाहा. वजन 300 किलो, ग्लाइड 1:35, म्हणजे एक मीटर उतरताना 35 मीटर पुढे. समपातळीत उडायला साडेआठ किलो रेटा पुरतो. दोन इंजिनांवर ते मिनिटाला 400 फुटांच्या आसपास चढेल, आणि एका इंजिनावरही सावकाश का होईना, चढतच राहील. इंजिने तीच, मेहनत तीच, पण ग्लायडर बदलले की सगळे गणित बदलते. म्हणून तुमच्या आराखड्यात पहिली दुरुस्ती इंजिनाची नसून ग्लायडरची आहे. ते जुने दोन आसनांचे ग्लायडर सोडून द्या. ते तुम्हाला प्रेमाने देऊ केलेले आहे, मला ठाऊक आहे. ते नीट दुरुस्त करून विंचवरून उडवा किंवा एखाद्या संग्रहालयात जपा. आपल्या नागरी विमान वाहतूक खात्याच्या तंत्रज्ञांनी स्वतंत्र भारतात आखलेल्या ग्लायडरांना नक्षत्रमालेतली नावे दिली होती: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर्ष, आर्द्रा. मी शेजारी-शेजारी आसनांच्या रोहिणीत बसून शिकलो. त्या पिढीचे एखादे ग्लायडर अजून धड असेल, तर त्याच्या धडाला जेटचे कंस ठोकण्यासाठी भोके पाडू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

इंजिनाच्या स्वभावाविषयी थोडे. या छोट्या टर्बाइनांचे मला अतोनात प्रेम आहे. कुर्ट श्रेक्लिंग नावाच्या जर्मन छांदिष्टाने आपल्या पहिल्या यशस्वी मॉडेल जेटमध्ये प्लायवूडचे कॉम्प्रेसर चक्र, म्हणजे हवा दाबून आत ढकलणारे चक्र, कार्बनच्या धाग्यांनी आवळून बसवले होते. त्यानंतर अनेकांनी ट्रकच्या टर्बोचार्जरचे चक्र वापरून घरच्या लेथवर इंजिने उभी केली. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत वाढलेल्या तुमच्यासारख्यांना त्याचे अप्रूप वाटणारच. पण याच इंजिनांमध्ये नऊ सेंटिमीटर व्यासाचे चक्र मिनिटाला एक लाख फेरे घेते, आणि त्याच्या कडेचा वेग सेकंदाला साडेचारशे मीटरच्या पुढे जातो. असे चक्र फुटले तर त्याचे तुकडे ज्या प्रतलात उडतात, त्या प्रतलात वैमानिकाचे शरीर, इंधनाची टाकी, पंखाचा मुख्य स्पार, म्हणजे त्याचा कणा, आणि शेपटाकडे जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारा यांपैकी काहीही असता कामा नये. तुमच्या आराखड्यात त्या तारा बरोबर तिथून जातात.

दुसरा स्वभाव मंदपणाचा. पिस्टन इंजिनाचा थ्रॉटल पुढे केला की ते लगेच ओढू लागते. टर्बाइनचे तसे नसते. आयडलवरून, म्हणजे सर्वांत मंद गतीवरून, पूर्ण रेट्यावर यायला चार-पाच सेकंद जातात. उतरताना चुकले, वाटले की पुन्हा वर जावे, थ्रॉटल पुढे केला, तर त्या पाच सेकंदांत ग्लायडर सव्वाशे मीटर पुढे गेलेले असते. म्हणून उतरण्याचा निर्णय एकदा घेतला की इंजिन नाहीच असे समजून उतरायचे. ग्लायडरच्या वैमानिकाला हे शिकवावे लागत नाही, आणि म्हणूनच या प्रयोगासाठी आधी ग्लायडर वैमानिक हवा, जेट चालवण्याची हौस असणारा नंतर.

तिसरी गोष्ट मी स्वतः भोगलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी आम्ही लोखंडी मेजावर एक मॉडेल टर्बाइन बांधले होते. पहिल्या प्रयत्नात ते पेटले नाही. इंधन आत गेले होते, ते इंजिनाच्या पोटात साचून राहिले, कारण मेजाचा मागचा पाय किंचित खाली होता आणि इंजिन मागच्या बाजूला कललेले होते. ते काढून टाकून, नळी सुकवून मगच दुसरा प्रयत्न करायला हवा होता. घाई झाली. घाई माझीच होती, कारण पुढच्या रांगेत पाहुणे बसले होते. दुसऱ्या वेळी ते पेटले, तेव्हा मागून हातभर लांब पिवळी ज्वाला निघाली, तापमानदर्शक काटा लाल रेषा ओलांडून गेला आणि नियंत्रक पेटीने इंजिन बंद केले, तरी ज्वाला आणखी काही क्षण जळतच राहिली. कार्बन डायऑक्साइडचा बंब हाताशी होता म्हणून मेजावरचे प्लॅस्टिक वितळण्यावर निभावले. त्या रात्री मी नोंदवहीत लिहिले: ‘शेपूट खाली असलेल्या ग्लायडरवर हे झाले असते तर?’ ग्लायडर जमिनीवर बहुधा मागे कललेलेच उभे असते. तुमच्या आराखड्यात साचलेले इंधन बाहेर पडायला भोक नाही, आणि मागे शेपटाचे कापड आहे.

इंधनाचा खर्चही लक्षात घ्या. झोताचा वेग सेकंदाला साडेचारशे मीटर आणि ग्लायडरचा वेग अठ्ठावीस मीटर असेल, तर झोतात ओतलेल्या शक्तीच्या शंभर भागांतले अकरा-बारा भागच ग्लायडरच्या पदरात पडतात. बाकीची शक्ती मागच्या हवेत विरते. दोन इंजिने पूर्ण रेट्यावर मिनिटाला साधारण एक किलो केरोसीन पितात. दहा मिनिटांच्या प्रदर्शनासाठी हे चालते. प्रोपेलरचा भार, लांब खांब, पाते दुमडण्याची यंत्रणा हे सगळे टळते, म्हणूनच प्रदर्शनासाठी जेट शोभते. पण टाकी कुठे बसणार, ती रिकामी होत जाताना गुरुत्वमध्य किती सरकणार, याचे एकही पान तुमच्या वहीत नव्हते.

गुरुत्वमध्यावरून इंजिनाच्या उंचीचा मुद्दा येतो. साल्टोसारखे पाठीवर इंजिन बसवले, तर त्याचा रेटा गुरुत्वमध्याच्या वरून लागतो आणि नाक खाली दाबतो. वैमानिक स्टिक, म्हणजे नियंत्रणाची दांडी, थोडी मागे धरून ते सावरतो. आता चढत असताना, वेग कमी असताना, इंजिन एकाएकी थांबले की ते दाबणे नाहीसे होते, स्टिक मात्र मागेच असते, आणि नाक आपोआप वर जाते, नेमके जेव्हा ते खाली जायला हवे तेव्हा. हडपसरला आम्हाला विंचवर ‘केबल ब्रेक’चा सराव द्यायचे. साडेतीनशे फुटांवर, नाक आभाळाकडे असताना, शिक्षक काही न बोलता पिवळी मूठ ओढून केबल सोडून द्यायचे. खडाक असा आवाज व्हायचा, पाठीवरची ओढ नाहीशी व्हायची, वाऱ्याचा आवाज विरत जायचा, आणि त्या शांततेत हाताने स्वतःहून स्टिक पुढे ढकलायची. आधी नाक खाली, मग वेग पाहायचा, मगच समोर उतरायचे की वळायचे ते ठरवायचे. मला तो सराव किती वेळा दिला ते आता आठवत नाही, पण आजही स्वप्नात तो ‘खडाक’ ऐकला की हात पुढे जातो. जेट ग्लायडर उडवणाऱ्याचा हात असाच घडलेला हवा, आणि त्या विशिष्ट ग्लायडरवर, पुरेशा उंचीवर, इंजिन मुद्दाम बंद करून तो पुन्हा पुन्हा घडवला गेला पाहिजे.

आता प्रदर्शनाकडे वळतो, कारण तुमचा सगळा उत्साह तिथे आहे आणि धोका सर्वांत जास्त तिथेच आहे. लोकांसमोर उडताना माणूस बदलतो. 11 जून 1928 रोजी जर्मनीतल्या वासरकुप्पे डोंगरावर ओपेल कंपनीच्या पैशांवर ‘एन्टे’ या ग्लायडरला दारूचे बाण लावून फ्रिट्झ श्टामर यांनी ते उडवले. रॉकेटवर उडालेले ते जगातले पहिले विमान. पहिले उड्डाण नीट झाले. दुसऱ्या उड्डाणात एक बाण फुटला, आग लागली आणि श्टामर जळते ग्लायडर कसेबसे उतरवून वाचले. ते वाचले, कारण त्यांच्या हाताखाली अजूनही ग्लायडरच होते आणि ते ग्लायडरसारखे उतरवता येत होते. जवळजवळ नव्वद वर्षांनंतर, 22 ऑगस्ट 2015 रोजी, इंग्लंडमधल्या शोरहॅमच्या प्रदर्शनात हॉकर हंटर हे लढाऊ जेट एका उभ्या गिरकीतून बाहेर न पडता रस्त्यावर कोसळले आणि अकरा माणसे मेली. त्यांतले बरेचसे प्रदर्शन पाहायला आलेलेही नव्हते, रस्त्याने चालले होते. चौकशीत आढळले की गिरकीच्या माथ्यावर विमान किमान 3500 फुटांवर हवे होते, ते 2700 फुटांवरच होते, कारण गिरकीत शिरताना वेग कमी होता आणि वर चढताना रेटा कमी पडला. माथ्यावर पोहोचल्यावर उंची पुरेशी नाही हे दिसले, तर गिरकी सोडून देऊन बाहेर पडायची वाट असते. तो निर्णय घेतला गेला नाही.

ग्लायडरला हा हिशेब अधिक कडक लागू होतो, आणि तो आधीच कागदावर करता येतो. ताशी 220 किलोमीटर वेगाने प्रेक्षकांसमोरून जाणारे ग्लायडर वर खेचले, आणि उडत राहण्यापुरता ताशी 100 किलोमीटर वेग राखला, तर त्याला कागदावर सुमारे 490 फूट उंची मिळते. विरोधात जाणारी वजा केली तर 400 फूट धरा. तेवढ्या उंचीवरून वळून उलट दिशेने धावपट्टीवर उतरता येते, इंजिन चालू असो वा नसो. म्हणून तिथे ही फेरी मारणे योग्य आहे. तुमच्या लाकडी ग्लायडरची वेगमर्यादा इतकी खाली आहे की, ताशी 160 किलोमीटरवरून खेचले तर कसेबसे 200 फूट मिळतील, आणि तिथून वळून परत येण्याचा भरवसा मी देऊ शकत नाही. मग ती फेरी इंजिनाच्या भरवशावर होते. नेमके तेच होऊ द्यायचे नाही. वेगमर्यादेबद्दल आणखी एक: जेट मागून रेटत असताना ग्लायडरला मर्यादेपलीकडे जायला उथळ उतारही पुरतो, आणि धडावर नवे वजन बांधल्यावर पंख-शेपटाचा थरथराट पूर्वीच्याच वेगाला सुरू होईल असे गृहीत धरता येत नाही. हा थरथराट, म्हणजे फ्लटर, सुरू झाला की दोन-तीन सेकंदांत शेपूट निखळू शकते. जमिनीवर कंपनचाचणी केल्याशिवाय वेग वाढवू नका.

अमेरिकेत प्रदर्शनात कसरती करणाऱ्या वैमानिकाला पायऱ्या चढाव्या लागतात. आधी 800 फुटांच्या खाली यायचे नाही, मग 500, मग 250, आणि मगच जमिनीपर्यंत. प्रत्येक पायरीला दुसरा अनुभवी वैमानिक त्याला पाहून मान्यता देतो. प्रेक्षकांपासूनचे अंतर आखलेले असते आणि कसरतीचा जोर कधीही प्रेक्षकांच्या दिशेने नसतो. आपल्याकडे महाविद्यालयाच्या मैदानावर, चारही बाजूंना मुले, गच्च्यांवर मुले, फाटकाशी वडापावच्या गाड्या, अशा ठिकाणी यातले काहीच पाळता येणार नाही. मार्गदर्शक प्राध्यापकांना माझे थेट सांगणे आहे: महोत्सवात हे उड्डाण ठेवू नका. महोत्सवात इंजिन मेजावर चालवून दाखवा, जाळीमागे, बंब घेऊन, माझ्यासारखी घाई न करता. मुलांच्या डोळ्यांत जी चमक तुम्हाला हवी आहे, ती तिथेही दिसेल. उड्डाणासाठी वेगळी वाट धरा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी पहिल्या दिवसापासून लेखी बोलणे सुरू करा. ग्लायडरमध्ये एक स्क्रू बदलण्याआधी मान्यताप्राप्त अभियंता शोधा, आणि ‘प्रकल्प आहे, सेमिस्टर संपते आहे’ हे कारण कुणालाही, विशेषतः स्वतःला, देऊ नका. दोन वर्षे लागतील, कदाचित तीन. पहिली तुकडी उत्तीर्ण होऊन जाईल आणि उड्डाण धाकट्यांच्या वाट्याला येईल. तशी तयारी असेल तरच हात घाला.

ज्या दिवशी ते उडेल, त्या दिवसासाठी एक मागणी आत्ताच नोंदवून ठेवतो. वर गेल्यावर वैमानिकाने इंजिन बंद करावे, आणि निवेदकाने ध्वनिक्षेपकही बंद करावा. संगीत नको, माहिती नको. पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा तो बारीक, रेशीम फाटल्यासारखा आवाज आपल्याकडच्या फार थोड्या लोकांनी ऐकला आहे. तो ऐकू येण्यासाठीच आपण इंजिन बसवले आहे, असे मी मानतो.

माझ्याकडून जे होईल ते मी करीन. माझ्या वर्कशॉपमध्ये एक टेस्ट स्टँड आहे, रेटा मोजायचा लोड सेल आहे, तापमानाच्या नोंदी घेण्याची सोय आहे. जानेवारीपासून दर शनिवारी सकाळी तो तुमच्यासाठी मोकळा ठेवतो. येताना आराखडा आणू नका. एका आसनाच्या फायबरग्लास ग्लायडरसाठी चार हिशेब करून आणा: पुण्यातल्या मार्च महिन्यातल्या दुपारी मिळणारा रेटा, इंजिन व भरलेल्या-रिकाम्या टाकीसह गुरुत्वमध्याची दोन टोके, इंजिन थांबल्यावर शेपटावर पडणारा भार, आणि उड्डाणाच्या प्रत्येक शंभर फुटांवर इंजिन गेले तर ग्लायडर कुठे उतरेल त्याचा नकाशा. या चौथ्या कागदावर एकही रिकामा चौकोन नसेल, तेव्हा इंजिन विकत घेण्याबद्दल बोलू.

तुमचा,
हडपसरचा एक जुना ग्लायडर वैमानिक